दुमडीतली वजनं

९ मार्च

बाप्तिस्म्याच्या जुन्या झग्यांना कसर लागली, म्हणून पाळकसाहेब आज कापडाचा गठ्ठा घेऊन दुकानात हजर झाले. कापड पांढरंशुभ्र, पण इतकं पातळ की पलीकडची खिडकी दिसत होती. मी म्हटलं, हे ओलं झालं की माणूस झगा घालूनही उघडाच दिसेल. तुम्हाला मंडळी वाढवायची आहे की पळवून लावायची आहे? बिचारे कानापर्यंत लाल झाले. शेवटी मीच घाऊकवाल्याकडे जाऊन जाड टेरिकॉट बदलून आणलं. एका झग्याचं कापड जास्त घेतलं, कापताना चुकलं तर हाताशी असावं म्हणून. तशी मी कापताना चुकत नाही.

हा झगा दिसायला साधा, पण त्याची एक खोड आहे. माणूस बाप्तिस्म्यासाठी पाण्याच्या हौदात उतरला की घेरात हवा भरते आणि झगा पाण्यावर फुगून वर येतो. मागे एकदा शाळेतल्या बाईंचं असं झालं होतं, आणि पेटी वाजवणाऱ्याला हसू आवरेना म्हणून गाणं मध्येच थांबलं होतं. तेव्हा खालच्या दुमडीत शिशाच्या चकत्या शिवायच्या, जाड पडद्यांच्या तळाला घालतात तसल्या. हे झगे पूर्वी आई शिवायची. चकत्यांचं काम आम्हा बहिणींकडे असायचं. मी एकेक चकती हातावर ठेवायची आणि धाकटी चिमी टाके घालायची.

डायरी लिहायची कल्पनाही पाळकसाहेबांचीच. मला प्रार्थना जमत नाही म्हटलं, तर म्हणाले, मावशी, लिहून बघा, देवाला वाचताही येतं.

१२ मार्च

मापं घ्यायला सुरुवात केली. पहिले आले पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा. कमरेभोवती टेप गेला की प्रत्येक माणूस पोट आत घेतो. देवाच्या घरात जायचा झगा असला तरी घेतोच. श्वास सोडा म्हटलं, तर म्हणतात, "सोडलाय की." झगा नंतर घट्ट झाला की दोष शिवणारीचा. म्हणून मी अशांना बोलण्यात गुंतवते. नातवंडांचा विषय काढला आणि दोनच वाक्यांत आजोबांचं खरं पोट टेपवर आलं.

जाताना त्यांनी विचारलं, बाई, तुम्ही कधी उतरणार हौदात? मी म्हटलं, सगळेच उतरले तर टॉवेल कोण धरणार? ते हसत गेले.

मला उतरायचंय. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते. इतकं उतरायचंय की पांढऱ्या कापडावर खडू टेकवला की हात जड होतो. आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी मी उपासनेला जाते, शेवटच्या बाकावर बसते आणि आमेन म्हणायच्या आधी दाराकडे सरकते. सगळे गातात तेव्हा मीही तोंड हलवते. आवाज निघत नाही.

१५ मार्च, रविवार

आज उपदेश वधस्तंभावरच्या चोराचा. आयुष्यभर लुटालूट केली, शेवटच्या घटकेला येशूकडे वळला आणि त्याच दिवशी सुखलोकात. बाहेर पडताना मी पाळकसाहेबांना म्हटलं, चोराचं बरं होतं, त्याला परत खाली उतरून घरच्यांना तोंड दाखवायचं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, तो उतरला असता तर कुठे गेला असता असं वाटतं तुम्हाला? मी म्हटलं, मला काय माहीत, मी शिंपीण आहे. तेवढ्यात दुसरं कोणीतरी आलं आणि मी सटकले.

माझी शंका मात्र तिथेच आहे. देव ऐकतो म्हणतात. ऐकत असेल तर आईची हाक त्यालाही गेली असेल. मग त्याने काय केलं? मशीन चालू असताना हे विचार येत नाहीत. बंद केलं की मागच्या खोलीतून आईचा आवाज येतो, "ए मोठे," म्हणून. आजही येतो. म्हणून मी मशीन शक्यतो बंद करत नाही.

१७ मार्च

चिमी आली.

आईच्या मातीनंतर ती या दुकानात पाऊल ठेवायची नाही. भांडण असं काही झालं नव्हतं. लोक विचारतात तेव्हा मी म्हणते, तिचा संसार आहे, तिला वेळ नसतो. आज दारात उभी राहून तिने विचारलं, "ताई, माझं माप घेशील?"

मला वाटलं ब्लाऊज असेल. तर म्हणाली, झगा. गेले काही महिने ती सकाळच्या उपासनेला जाते, मी संध्याकाळच्या, त्यामुळे गाठच पडली नव्हती. आनंद व्हायला हवा होता. आईने दोघींसाठी जन्मभर हेच मागितलं. पण मला आधी साक्ष आठवली. हौदात उतरण्याआधी प्रत्येकाने मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची असते. आपण कशात अडकलो होतो आणि प्रभूने कसं सोडवलं, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

मी विचारलं, साक्षीत काय सांगणार?

"आईचं," ती म्हणाली. "त्या दिवशी तिच्याजवळ थांबायची पाळी माझी होती. मी वेळेवर आले असते तर ती एकटी गेली नसती. हे एकदा सगळ्यांसमोर बोलून मला मोकळं व्हायचंय, ताई."

मी म्हटलं, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला. ती हळूच म्हणाली की त्या दिवशी लेकीला बूट घ्यायला थांबली म्हणून उशीर झाला, आणि ते बूट तिने लेकीला कधी घालू दिले नाहीत. खोका अजून माळ्यावर आहे.

मी टेप लावला. चिमीने पोट आत घेतलं नाही. आत घ्यायला पोट राहिलंच नाहीये.

१८ मार्च

मी त्या दिवशी बटणं आणायला गेले होते. चिमी यायची वेळ झालीच होती, म्हणून दार ओढून निघाले. परत येते तो आई गेलेली. हे मी इतक्यांदा सांगितलंय की मला रस्तासुद्धा आठवतो, ऊन कुठल्या बाजूने होतं तेही.

२१ मार्च

पाळकसाहेब स्वतःच्या झग्याचं माप द्यायला आले. हौदात उभं राहताना ते आतून छातीपर्यंत रबरी विजार घालतात, मासे पकडणारे घालतात तसली, म्हणजे लोक भिजतात आणि हे कोरडे. त्यामुळे त्यांचा झगा तंबूएवढा लागतो. त्यांना बोलण्यात गुंतवावं म्हणून मी सहज विषय काढला. म्हटलं, माझं एक गिऱ्हाईक आहे. तिची चूक दुसऱ्या कोणाच्या तरी माथी बसलीय, आणि आता ती बोलली तर घर मोडेल. तिने देवाजवळ कबूल केलं तर पुरे नाही का?

ते म्हणाले, "देवाजवळ तरी केलंय का?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

मग ते म्हणाले, "तिला सांगा, येशूने तिच्या चुकीची किंमत आधीच भरलीय. क्षमा मिळवायला तिला काहीच करायचं नाही. पण जी दुसरी आहे ना, ती भलतंच ओझं घेऊन चाललीय. ते उतरवणं तुमच्या… त्या बाईंच्या हातात आहे."

काहीच करायचं नाही, हे मला पटत नाही. फुकटात कोणी बटणही लावून देत नाही. असो, गिऱ्हाइकाची युक्ती बरी सुचली. पाळकसाहेब भोळे आहेत, त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

२४ मार्च

चिमीचा झगा कापला. बाकी सगळे झाले, हाच राहिला होता. आज पॅडलवर पाय ठेवला आणि तसाच राहिला. उगाच बॉबिन भरली, सुया लावून ठेवल्या, दुसऱ्या मशीनवरचं फडकं झटकलं. त्या मशीनवर चिमी बसायची. दोघींची मशीनं एकदम चालायची तेव्हा आई आतून ओरडायची की अगं, आगगाडी आली का घरात.

लोक म्हणतात, चिमीने आईला एकटं मरू दिलं. मी कधीच तसं म्हटलेलं नाही. मी फक्त काही बोलले नाही.

२९ मार्च, रविवार

आज वाचनात येशूच्या अंगरख्याचं आलं. त्याला शिवण नव्हती, वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला होता. शिपायांनी तो फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या. इतकी वर्षं ऐकलंय, पण आज मी तिथेच अडकले. असा अंगरखा विणायला किती दिवस गेले असतील, कोणा बाईने किती जीव लावून विणला असेल. आणि तो काढून घेऊन येशूला तसंच टांगलं, सगळ्या गावासमोर, अंगावर काही नसताना.

लोकांची अंगं झाकण्यात माझं आयुष्य गेलं. उतरलेले खांदे, वाकलेली पाठ, सुटलेलं पोट, सगळं मी अस्तराखाली बसवते. त्याने मात्र काहीच झाकलं नाही. का, ते पाळकसाहेब पुढे सांगत होते. माझ्यासाठी, म्हणत होते. मला रडू आलं आणि मी रुमालात खोकले.

बाप्तिस्म्याच्या दिवशी चिमीची साक्ष. ज्या पापासाठी ती तिथे रडणार आहे, ते तिचं नाही. आणि सगळी मंडळी तिला क्षमा झाली म्हणून गाणार. मी शेवटच्या बाकावरून तोंड हलवणार.

२ एप्रिल

मी बटणं आणायला गेले नव्हते. बटणं आदल्या दिवशीच आणलेली होती.

मी इथेच होते, या खुर्चीवर. लग्नाचा कोट संध्याकाळी द्यायचा होता. आई मागच्या खोलीत, सकाळपासून हाका मारत होती. पाणी हवं, कूस बदलायचीय, उशी सरकलीय, कधी नुसतीच हाक. मी उठत होते. खरंच उठत होते. मग एकदा हाक आली आणि मी उठले नाही. पॅडल जोरात दाबलं. हाक परत आली, मी आणखी जोरात दाबलं. मला ऐकू आलं होतं. बाही पूर्ण बसवून झाल्यावर उठले. आत गेले तर आई गेलेली.

तेवढ्यात चिमी दारात, हातात बुटांचा खोका. तिने काही विचारायच्या आत माझ्या तोंडून निघालं, मी बटणं आणायला गेले होते, आत्ताच आले, तू कुठे होतीस? मी आधी ठरवलं नव्हतं. पण नंतरचा प्रत्येक दिवस मी ठरवून गप्प बसले.

आज दुपारी चिमीचा झगा शिवता शिवता मी मशीन थांबवलं. पाय काढून घेतला, हात मांडीवर ठेवले आणि मोठ्याने म्हटलं, "प्रभू येशू, मी घरात होते." एवढंच. पुढची प्रार्थना मला येत नव्हती.

मग वाट बघत बसले. मशीन थांबलं की आईची हाक येते, तशी ती येणार म्हणून अंग आवळून बसले. हाक आली नाही. मागची खोली नुसती खोली होती. बाहेर कोणीतरी बादली ठेवली तेही ऐकू आलं. इतकी शांतता मला तीन वर्षांत सोसली नव्हती, आणि आज ती मला सोसली. मला वाटलं, ही गोष्ट मी त्याला आत्ता सांगत नाहीये, त्याला ती तेव्हापासून माहीत आहे. मी उठले नाही तेव्हा तो त्या खोलीत होता. आई एकटी नव्हती. आणि इकडे पॅडल दाबणारी मीही त्याला दिसत होते, तरी त्याने मला टाकलं नाही.

याचा पुरावा माझ्याजवळ नाही. इतके दिवस पुरावाच मागत होते. आज मागावासा वाटला नाही. मी खूप रडले, टेरिकॉटला डाग पडू नये म्हणून तोंड बाजूला करून रडले.

उद्या चिमीकडे जायचं. क्षमा मिळवायला नाही. ती आज मिळाली, म्हणून जायचं बळ आलंय.

३ एप्रिल

गेले. चिमी लेकीची वेणी घालत होती. मी म्हटलं, भाचीला जरा बाहेर पाठव. बसले नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं, कोट, बाही, पॅडल, हाक. बटणांचं शेवटी सांगितलं. सांगताना एकदाही म्हटलं नाही की मी दमले होते. ते तोंडावर आलं होतं, गिळलं.

चिमीच्या हातात कंगवा तसाच. तिने एकच विचारलं.

"हाक कोणाला मारत होती? तुला की मला?"

खोटं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "मला."

ती "बरं" म्हणाली आणि दार उघडून धरलं. मी निघाले. जिन्यात भाची बसली होती, अर्धी वेणी सुटलेली.

५ एप्रिल, रविवार

चिमी सकाळच्या उपासनेलाही नव्हती म्हणे. मी आज मधल्या बाकावर बसले. पाय तिकडेच गेले. गाताना आवाज निघाला, बेसूर, पण माझाच. शेजारची बाई वळून बघायला लागली.

पाळकसाहेबांनी दाराशी विचारलं, त्या गिऱ्हाइकाचं काय झालं? मी म्हटलं, तिने सांगून टाकलं, देवालाही आणि बहिणीलाही. बहीण म्हणाल्यावर मला जीभ चावावीशी वाटली. त्यांनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, मावशी, हौद एकदा भरला की त्यात कितीही जण उतरू शकतात, पाणी तेवढंच लागतं. हा माणूस मला वाटला तितका भोळा नाही.

चिमीची फार आठवण येते. पूर्वीही यायची, पण तेव्हा त्यात भीती मिसळलेली असायची. आता नुसती आठवण येते, आणि ती जास्त दुखते. चिमी माझ्याशी कधीच बोलली नाही तर तो तिचा हक्क आहे. तरी दारावर सावली पडली की मान वर होते.

८ एप्रिल

झगे नेले सगळ्यांनी. पोस्टातले आजोबा आरशापुढे हळूच गोल फिरले आणि म्हणाले, अगदी बरोबर बसलाय, माझं पोट तुम्हाला कसं कळलं? चिमीचा झगा एकटाच खुंटीवर आहे. नेऊन द्यायला जाणार होते, जिन्यापर्यंत गेले आणि परतले. तिला दुसऱ्यांदा दार उघडून धरायला लावायचं नव्हतं.

११ एप्रिल

उद्या बाप्तिस्मा. सकाळी दुकान उघडलं आणि झाडू हातात घेतला तोच चिमी आली. काही न बोलता खुंटीवरचा झगा काढला, उलटा केला आणि दुमडीवरून बोटं फिरवत गेली, आई फिरवायची तशी.

"यात वजनं नाहीत," ती म्हणाली.

खरंच नव्हती. सगळ्यांच्या झग्यात घातली आणि हिच्याच विसरले. माझ्या हातून अशी चूक होत नाही. तिने खुर्ची ओढली, दुमड उसवली, सुईत दोरा ओवला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी चकत्यांचा डबा घेऊन शेजारी बसले. एकेक चकती तिच्या हातावर ठेवत गेले, ती टाके घालत गेली. अर्धा घेर झाला.

मग ती म्हणाली, "राग आहे मला, ताई. खूप आहे. तो जावा म्हणून मी रोज मागतेय. आज थोडा कमी होता, म्हणून आले."

मी म्हटलं, चालेल.

"खोका माळ्यावरून काढला. बूट आता लेकीला होत नाहीत." तिने दोरा ताणला. "शेजारच्या पोरीला दिले. बरोबर बसले तिला."

मी पुढची चकती दिली. ती शिवत होती. टाके पूर्वीइतकेच बारीक होते. शेवटचा टाका घालून तिने दोरा दातांनी तोडला आणि विचारलं, "उद्या साक्षीत मी काय सांगू आता?"

"खरं झालं ते सांग," मी म्हटलं. "माझं नाव घेऊन सांग. मी समोरच बसेन."

"मी माझं सांगेन," चिमी म्हणाली. "तुझं तू सांग."

मला आधी कळलंच नाही. ती उठली, दुसऱ्या मशीनवरचं फडकं काढलं, चाक फिरवून बघितलं आणि म्हणाली तेल सुकलंय. मग कपाटातलं ते जास्तीचं कापड तिला कसं सापडलं कोण जाणे. ते टेबलावर पसरून तिने माझ्या गळ्यातला टेप ओढून घेतला. म्हणाली, पाळकसाहेबांना विचारून आलेय, आत्ता कापलं तर संध्याकाळपर्यंत होईल, दोन मशीनं आहेत.

"उभी राहा नीट."

मी उभी राहिले. तिने खांदा घेतला, उंची घेतली, आकडे पाटीवर खडूने लिहिले. मग टेप कमरेभोवती आला आणि मी पोट आत घेतलं. इतकी वर्षं लोकांना टोकणारी मी.

"श्वास सोड, ताई."

"सोडलाय की," मी म्हटलं.

चिमीने टेप ओढला नाही, सैलही केला नाही. तो तसाच धरून थांबली, तिला कसली घाई नव्हती. मागची खोली शांत होती. मग मी सोडला.